थोरल्या घरचा पत्ता

फ्लशिंग, न्यूयॉर्क
१२ सप्टेंबर १९८८

थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार.

हे पत्र मीरानचे बाबा किमचीच्या बरणीबरोबर भाजीच्या दुकानात थोरल्या भाऊजींच्या हाती देतील. आधी बरणी फ्रीजमध्ये ठेवा, मग वाचा. फोन मी करणार नाही. शाळेचे लोक कधीही फोन करतील, तेव्हा लाइन मोकळी हवी, असं तुम्हीच बजावलंयत. शिवाय फोनवर मला तुमच्याशी नीट बोलता येत नाही, अर्ध्या गोष्टी विसरते.

मीरानचा पहिला आठवडा कसा गेला ते ती परवा शनिवारी घरी आली तेव्हा ऐकलं. मुलं जमिनीवर फतकल मारून बसतात आणि बाई टेबलावर बसतात म्हणे. बाई आत आल्यावर कुणी उठून उभं राहत नाही. मी विचारलं, मग बाईंना कळतं कसं की मुलांना धाक आहे? ती म्हणाली, "आई, इथे धाक नसतो, स्टिकर असतात." तिच्या बाबांना इतकं हसू आलं की भात सांडला.

तुमचे उपकार मी विसरणार नाही. हार्टवुडच्या शाळेत हार्टवुडमध्ये राहणाऱ्यांच्याच मुलांना घेतात, आणि आम्ही पडलो फ्लशिंगमध्ये, मासळीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. मला वाटलं होतं, आपल्या कोरियात करतात तसं करायचं. माझ्या मावसबहिणीने मुलाला नदीपलीकडच्या चांगल्या शाळेत घालण्यासाठी त्याचं नाव काकाच्या घरी लावलं आणि पोरगा झोपायला आपल्याच घरी येत होता. कुणी विचारलं नाही. पण तुम्ही म्हणालात, इथले तपासनीस सकाळी गाडीत बसून बघतात, पोर कुठल्या दारातून बाहेर पडतं. म्हणून मीरान आठवडाभर तुमच्याकडेच राहणार, शनिवारी दुपारी आमच्याकडे येणार आणि रविवारी चर्चहून परत तुमच्याबरोबर जाणार. वकिलाच्या कागदावर तिच्या बाबांनी सही केली. माझी सही लागत नाही म्हणालात, बरंच झालं. "काय लिहिलंय ते विचारू का?" असं ते मला हळूच म्हणत होते. मी म्हटलं, थोरल्या घराने लिहून घेतलंय, त्यात विचारायचं काय? धाकट्याचं पोर थोरल्याच्या घरी वाढलं तर गावी लोक दोघांचंही कौतुक करतात.

पोर दहा वर्षांची आहे, पण कामाची आहे. भांडी घासायला लावा. तुमच्या ग्रेसच्या वस्तूंना हात लावला तर रागवा. झोपताना पाय उघडे टाकते, तेवढं बघा.

आपली धाकटी

~

फ्लशिंग
२० नोव्हेंबर १९८८

थोरल्या जाऊबाईंना नमस्कार.

कोबी खारवून, तिखट लावून यंदाची हिवाळ्याची किमची घालून झाली. दोन दिवस नखं रंगवायच्या दुकानातून रजा घेतली. मालकीण कुरकुरली, पण तिला एक बरणी दिल्यावर गप्प बसली. तुमच्याकडे तीन मोठ्या बरण्या पाठवतेय. चर्चमधल्या बायकांनी मागच्या वेळी तुमच्या हाताची चव फार वाखाणली असं ओक-बुन बाई सांगत होत्या. हात माझे असले तरी बरणी तुमची होती.

तुम्ही शाळेत जाऊन बाईंना भेटून आलात, त्याबद्दल आभार. मीही येते म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, एका मुलामागे एकच पालक आत घेतात आणि दहाच मिनिटं देतात. असेल. इथले नियम तुम्हाला माहीत. आम्हाला येऊन वर्षही झालं नाही.

पण एक गोष्ट मला नीट समजली नाही. डॉनली बाईंनी सांगितलं म्हणे, "मीरान वर्गात असणं हा एक आनंद आहे." हे ऐकून मीरानचे बाबा खूश झाले. मी त्यांना विचारलं, आनंद म्हणजे कितवा नंबर? गावी तेजॉनला साठ मुलांच्या वर्गात ती तिसरी होती. तिसरी म्हणजे तिसरी, पुढे कोण आणि मागे कोण ते भिंतीवर लावलेलं असायचं. इथे म्हणे नंबर सांगतच नाहीत, सगळीच मुलं आनंद असतात. मग आईने रात्री काळजी तरी कशाची करायची? पुढच्या वेळी गेलात तर एवढं विचारा. मी विचारलं म्हणून सांगू नका, तुम्हीच विचारल्यासारखं करा.

तिला लाल कोट घेतलात. छान आहे. मी तिच्यासाठी निळा घेतला होता, तो आता पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी बसणार नाही कदाचित.

आणि एक गंमत सांगते. परवा मीरान बोलता बोलता तुमच्या घराला "घर" म्हणाली आणि आमच्या घराला "फ्लशिंग". मला काही वाटलं नाही. तुम्हालाही गंमत वाटेल म्हणून लिहिलं.

आपली धाकटी

~

फ्लशिंग
११ मार्च १९८९

जाऊबाई,

मीरानचं मनगट मंगळवारी मोडलं. शाळेच्या व्यायामशाळेत दांड्यावरून पडली. मला ते गुरुवारी कळलं, तेही मीरानच्या बाबांना थोरल्या भाऊजींनी मार्केटमध्ये कोबी उतरवताना सहज विचारलं म्हणून, "पोरीचा हात कसा आहे रे आता?" हे तिथेच कोबीच्या पेट्यांवर बसले.

तुम्ही म्हणता, उगाच काळजी नको म्हणून कळवलं नाही. तुम्ही दोन दिवस चर्चच्या शिबिराला गेला होतात, तेही मला नंतर कळलं. म्हणजे दवाखान्यात तिच्याजवळ तुमची शेजारीण बसली होती. पोरीचं हाड बसवताना एका परक्या बाईने तिचा दुसरा हात धरला. तेव्हा मी पाच मैलांवर कुणाच्या तरी पायाची नखं रंगवत होते.

काल मी कामाला गेले नाही. तिळाचं तेल घालून पेज केली, डब्यात भरली आणि दोन बस बदलून शाळेत गेले. आता तुम्हाला माहीत आहे तिथे काय झालं, पण तुम्ही फोनच्या दुसऱ्या टोकाला होतात. समोर काय दिसत होतं ते मी सांगते.

ऑफिसातल्या बाई हसऱ्या आहेत. मी म्हटलं, "मीरान. माझी मीरान." त्यांनी वहीत पाहिलं, मान हलवली आणि फोन लावला. फोनवर तुम्ही काय सांगितलंत ते मला कळलं नाही. मग त्यांनी ग्रेसला वर्गातून बोलावून आणलं. ग्रेस आली, माझ्याकडे बघितलं आणि बुटाने फरशी उकरत उभी राहिली.

"काकू, त्या म्हणतायत डबा इथे ठेवून जा."

"मला मीरानला भेटायचंय. तू सांग त्यांना."

"नाही भेटता येणार. फक्त घरच्यांनाच भेटता येतं."

"मग मी कोण आहे?"

ऑफिसातल्या बाईंनी मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ग्रेसला काहीतरी म्हणाल्या. ग्रेसने ते मला सांगितलं. पोर बारा वर्षांची आहे, खोटं कसं लपवायचं ते अजून तुमच्याइतकं तिला जमत नाही. म्हणाली, "काकू, त्या विचारतायत, तुम्ही अजून कुणाकडे स्वयंपाकाला जाता का? त्यांच्या बहिणीला बाई हवीय."

मी डबा ठेवला आणि परत आले. बसमध्ये रडले नाही, कारण बसमध्ये ओक-बुन बाईंची सून होती.

तुमच्या घरी मी कायमच स्वयंपाक केला आहे, त्यात नवीन काही नाही. थोरल्या घरात धाकटीने चुलीपाशीच असायचं, मला त्याची लाज नाही. पण पोरीसमोरून मला स्वयंपाकीण म्हणून परत पाठवायला तुम्हाला काय कारण पडलं, ते मला समजावून सांगा. शाळेचा काही नियम असेल तर तोही सांगा. मी समजून घेईन.

या बरणीत मी कोळंबीचं खारं घातलेलं नाही. चव लागणार नाही. विसरले नाही.

धाकटी

~

फ्लशिंग
१६ मे १९८९

जाऊबाई,

मार्चच्या पत्राला तुम्ही उत्तर दिलं नाहीत. भाऊजींकरवी फक्त निरोप पाठवलात, "तिला म्हणावं, शाळेच्या भानगडीत पडू नकोस, तुला कळत नाही." आता उत्तराची गरज राहिली नाही. मला कळलं.

शनिवारी मीरान आली तेव्हा आम्ही दोघी कपडे धुवायला गेलो होतो, कोपऱ्यावरच्या त्या नाणी टाकायच्या मशीनवर. ती बाकावर बसून पाय हलवत होती. प्लास्टर निघालं, मनगट बारीक दिसतं. मी विचारलं, शाळेत काय चाललंय. ती सहज बोलायला लागली. रविवारी अमेरिकन लोकांचा आईचा दिवस होता ना, म्हणून शुक्रवारी वर्गात सगळ्यांनी आईसाठी कागदाची फुलं केली. मी म्हटलं, माझं फूल कुठाय? तिने पाय हलवायचे थांबवले.

"मी नाही केलं. डॉनली बाईंनी मला बाहेर नेलं. आइस्क्रीम दिलं."

"तुला एकटीला?"

"हो. जवळ घेऊन बसल्या. म्हणाल्या, तुझी आई वरून बघत असते."

मशीन फिरत होतं, साबणाचा फेस काचेवर येत होता. मी तिला विचारलं, वरून म्हणजे कुठून. ती रडायला लागली. "मोठ्या आईने सांगितलंय कुणाला बोलायचं नाही. नाहीतर शाळेतून काढतील. आई, मी नाही तसं सांगितलं. त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

जाऊबाई, तुमच्या शाळेत मी मेले आहे. पोरगी आईबापांकडे का राहत नाही असं त्यांनी विचारलं असणार, आणि तुम्ही म्हणालात, आई वारली, बाप परदेशी कामाला आहे. बाप जिवंत ठेवलात. धाकट्या दिराला मारायला तुमची जीभ वळली नाही, त्याचं आडनाव तुमच्या नवऱ्याचंच आहे. मला मारायला काय लागतं? सप्टेंबरपासून मेलेली बाई तुम्हाला किमची पाठवत होती आणि तुम्ही ती खात होतात.

हे मला मार्चमध्येच समजायला हवं होतं. मेलेल्या आईला ऑफिसात कोण आत घेईल? तिला स्वयंपाकीणच व्हावं लागतं.

आमच्या दुकानात दर सोमवारी सिल्व्हिया नावाच्या बाई नखं करायला येतात. त्यांनी पंचवीस वर्षं एका शाळेच्या ऑफिसात काढली आहेत. मी त्यांना माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी हात पाण्यातून काढून घेतला. म्हणाल्या, या देशात आई शाळेच्या दारात गेली तर तिला कुणी हाकलू शकत नाही, मात्र ती आई असल्याचं तिने सांगायला हवं. आणि सांगितलंस, तर तुझी मुलगी त्या शाळेत राहू शकणार नाही. दोन्ही एकाच दमात सांगितलं. मी दोन्ही ऐकलं.

तुमची पालक संघाच्या अध्यक्षपदी निवड झाल्याचं चर्चच्या पत्रकात वाचलं. तिथे निवडून आलेल्या तुम्ही पहिल्याच कोरियन बाई. मीरानचे बाबा म्हणाले, अभिनंदन कळव. कळवते.

पुढच्या महिन्यात सासूबाईंचं श्राद्ध आहे. मी नेहमीप्रमाणे दुपारीच येईन. मुगाची धिरडी आणि मासा मी तळेन. तुम्ही काही काळजी करू नका.

धाकटी

~

फ्लशिंग
१३ जून १९८९

जाऊबाई,

शुक्रवारी तुम्ही मधेच आत निघून गेलात आणि दार लावून घेतलंत, म्हणून पुढचं तुम्हाला दिसलं नाही. तुम्हाला ते कळायला हवं म्हणून लिहितेय.

दुपारी दोघी चुलीशी होतो तेव्हा तुम्ही किती गोड बोलत होतात. "धिरडी तुझ्यासारखी कुणाला जमत नाहीत बाई." मी म्हटलं, "सवय झालीय हाताला." तुम्ही पत्रांचा विषय काढला नाहीत आणि मीही नाही. संध्याकाळी फिलाडेल्फियाहून चुलत सासरे आले, त्यांचे दोन मुलगे आले. पुरुषांनी टेबल मांडलं, सासूबाईंचा फोटो ठेवला, मेणबत्त्या लावल्या. तुम्ही भाताची वाटी आणून ठेवलीत, थोरली सून म्हणून. भाऊजींनी चमचा भातात उभा रोवला. दार उघडं ठेवलं, त्या याव्यात म्हणून. सगळे वाकले.

मग मी स्वयंपाकघरातून दुसरी वाटी घेऊन आले. शिगोशीग भरलेली. सासूबाईंच्या वाटीशेजारी ठेवली आणि त्यात चमचा उभा केला.

श्राद्धाच्या टेबलाशी धाकटी सून जात नाही, मला माहीत आहे. चुलत सासरे आधी बोलले, "ही कुणाची?"

मी म्हटलं, "माझी."

"काय बोलतेस? जिवंत माणसाच्या भातात चमचा उभा करतात का?"

"हार्टवुडच्या शाळेत मी मेलेली आहे, काका. सप्टेंबरमध्ये गेले. थोरल्या घराने तसं कळवलंय. मीरानला विचारा. मेल्यापासून मला कुणी जेवायला वाढलं नाही, म्हणून आज स्वतःच वाढून घेतलं."

भाऊजींचा चेहरा तुम्ही बघितलात. त्यांना ठाऊक नव्हतं, हे त्या क्षणी मला कळलं, आणि त्यांच्यापुरता माझा राग गेला. ते तुमच्याकडे वळले. "हे खरं?"

तुम्ही म्हणालात, "शाळेसाठी बोलावं लागलं. इथे सगळेच बोलतात. तिच्या पोरीसाठीच केलं ना मी?"

मी म्हटलं, "मग भाऊजी वारले म्हणून सांगायचं होतं. ग्रेससाठी."

तेव्हा तुम्ही आत गेलात. मी काय तुमच्या मागे येणार नव्हते. भाऊजींनी माझ्या वाटीतला चमचा काढला. दोन्ही हातांनी वाटी उचलून माझ्यापुढे धरली, जशी जिवंत वडीलधाऱ्यांना देतात तशी, आणि म्हणाले, "वहिनी, बसून खा." माझ्या नवऱ्याने तोंड भिंतीकडे केलं होतं. मी तिथेच खाली बसून सगळा भात खाल्ला, एक शीतही ठेवलं नाही. सासूबाई फोटोतून बघत होत्या. त्यांनाही तुम्ही शेवटच्या आजारात गावी एकटं टाकलं होतंत, तेव्हा त्यांना वाईट वाटलं नसावं.

मीरान जिन्यावर बसून हे सगळं बघत होती. तुमच्या ग्रेसच्या मांडीला मांडी लावून.

काल सोमवारी मी शाळेत गेले. लग्नातला पोशाख घातला होता, म्हणजे कुणाला स्वयंपाकीण वाटायला नको. ऑफिसातल्या बाई हसल्या. मी सिल्व्हिया बाईंकडून पाठ करून घेतलेलं बोलले. मी मीरानची आई. मी जिवंत आहे. मी फ्लशिंगमध्ये राहते. त्यांचं हसू गेलं आणि त्या उठून मुख्याध्यापकांना बोलवायला धावल्या. डॉनली बाई आल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडेचनात, जणू थंड आहे की गरम ते बघत होत्या. मग रडल्या. इतकी चांगली बाई आहे ती. तिच्याशी तुम्ही वर्षभर खोटं बोललात आणि मीरानलाही खोटं बोलायला लावलंत.

मुख्याध्यापकांनी सावकाश विचारलं, "हे सांगितल्यावर मुलीला जावं लागेल, तुम्हाला कल्पना आहे?" मी म्हटलं, आहे. महिनाअखेरपर्यंत तिला राहू देणार आहेत. तुम्हाला बोलावणं येईल. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, पालक संघाला आता नवीन अध्यक्ष लागेल.

मीरानला मी तिथूनच हाताला धरून घरी आणलं. पोरीला दिवसातून चार वेळा बघितल्याशिवाय माझा आत्मा शांत होणार नाही. मेलेल्यांचा आत्मा अडकून राहतो म्हणतात, ते अनुभवाचंच आहे.

आज पहाटे भाऊजी नेहमीसारखे गाडी घेऊन मीरानच्या बाबांना न्यायला आले. खाली उतरून माझ्यापुढे मान तुकवली आणि गेले. तुम्हाला नवरा फार चांगला मिळालाय.

तुमचीच, जिवंत

~

फ्लशिंग
२० ऑक्टोबर १९८९

जाऊबाई,

हे पत्र पोस्टाने पाठवतेय. बरणी यापुढे येणार नाही.

ओक-बुन बाईंच्या तोंडी तुम्ही निरोप पाठवलात, तो त्यांनी चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्या बायकांच्या देखत सांगितला. तुमचीच तशी इच्छा असणार. ग्रेसशी आता शाळेत कुणी बोलत नाही. मुली विचारतात, तुझी आई अजून कुणाकुणाला मेलेलं सांगते. तुम्ही गाडीतून ग्रेसला सोडायला जाता तेव्हा इतर आया काचा वर करतात. आणि शेवटी म्हणे, "तिला सांगा, रागापायी तिने स्वतःच्या पोरीचं वाटोळं केलं. आता तरी ये म्हणावं, पुढच्या श्राद्धाचं कोण बघणार?"

आधी हे सांगते की ऐकून मला बरं वाटलं. लपवत नाही. घरी आल्यावर मीरानच्या बाबांनी विचारलं, कशाला हसतेस, तेव्हा मी म्हटलं, काही नाही, दुकानातला विनोद आठवला. ग्रेसचं वाईट वाटतं. त्या पोरीने मला एकदा तरी खरं सांगितलं होतं. तुमचं वाईट वाटत नाही. शोधून पाहिलं, सापडलं नाही.

श्राद्धाची धिरडी तुम्हीच तळा. तेल जास्त तापवू नका, करपतात.

आता पोरीच्या वाटोळ्याचं. तुम्हाला उत्सुकता असणार, म्हणून सगळं सांगते. इथली शाळा हार्टवुडसारखी नाही. वर्गात फार मुलं आहेत, बाकं पुरत नाहीत, पावसाळी दिवशी एका कोपऱ्यात बादली ठेवतात. नवीन बाईंना मीरानचं नाव अजून नीट येत नाही. झाडांखाली बसून पुस्तकं वाचायचा तास इथे नाही, कारण झाडं नाहीत. मी पालकांच्या भेटीला गेले, बुटक्या खुर्चीवर बसले, बाईंनी दहा मिनिटांत पाच मुलांबद्दल सांगितलं, त्यात मीरानही होती. मी शांतपणे ऐकून घेतलं. यातलं काही तुमच्यापासून लपवून मला काय मिळणार?

मीरान माझ्याशी बोलत नाही. जूनपासून कामापुरतं बोलते. लाल कोट घालते, निळा घालत नाही. परवा मी तांदूळ धूत होते, ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू मेलेली होतीस तेच बरं होतं. तेव्हा सगळे माझ्याशी चांगले वागायचे."

तिचे बाबा जेवत होते. त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. माझा हात वर गेला होता, तांदळाचं पाणी कोपरापर्यंत आलं. मग मी हात खाली केला आणि म्हटलं, "वाढलंय, जेवून घे." ती जेवली नाही. अकराच्या सुमाराला उठून उभ्याउभ्या थंड भात खाल्ला, मी अंधारात जागीच होते. झोपेत ती "मॉमी" म्हणते. तो शब्द ती तुमच्या घरी तुमच्यासाठी वापरायची. हेही मी तुम्हाला कळवतेय, म्हणजे तुम्ही खूश व्हाल. व्हा.

पण खूश होऊन झालं की एका गोष्टीचा विचार करा. वर्षभर तुमच्या घरात ती कुणावर रागावली होती का? दार आपटलं होतं? जेवण नाकारलं होतं? नाही. तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, किती शहाणी पोर, आवाज म्हणून नाही. दुसऱ्याच्या घरी मूल असंच राहतं. रागवायला आई लागते, आणि आई मेली होती. मोडलेला हात घेऊन ती तुमच्या घरी गुपचूप झोपली आणि तुम्ही शिबिराहून परतलात त्या सकाळी तुम्हाला गुड मॉर्निंग म्हणाली. मला त्या सकाळचाच सूड हवा होता. तो मी घेतला. चांगली शाळा गेली, तिचं मला दुःख आहे आणि ते पोर मोठी होईपर्यंत राहील. पण परत वेळ आली तरी मी हेच करेन.

आज सकाळी वेणी घालताना तिला कंगवा लागला. तिने माझ्या हातावर चापट मारली, दप्तर उचललं आणि दार इतकं जोरात लावलं की खालच्या मासळीवाल्याने वर डोकं काढून पाहिलं. मी खिडकीत जाऊन उभी राहिले. कोपऱ्यावर ती थांबली आणि वळली. मी आहे की नाही ते तिने बघितलं. मी होते. मग माझ्याकडे बघून जीभ काढली आणि शाळेत गेली.

मीरानची आई